बिनलेबलाची डबी

हॉटेलातल्या मुली त्यांना तोंडावर 'बाई' म्हणत आणि पाठ वळली की 'दुर्बीण'. खोल्यांच्या साफसफाईवर देखरेख ठेवणं हे त्यांचं काम. दारात उभ्या राहिल्या की आत पाऊल टाकायच्या आधीच त्यांच्या नाकाला कळायचं, पाहुण्यानं मनाई असताना सिगरेट ओढली आहे, आणि खोली आवरणाऱ्या मुलीनं चादर बदललेली नाही, नुसती ताणून बसवली आहे. गादीवर डाग पडला तर मुली गादी उलटी करून ठेवत. दुर्बीणबाई कोपरा धरून गादी उचलत, खाली बघत आणि एक अक्षर न बोलता परत ठेवून देत. त्यांच्या ओरडण्यापेक्षा त्या गप्प राहण्याचीच धास्ती जास्त होती.

अशा नोकरीत जन्म गेल्यावर स्वभाव काही टोपीसारखा खुंटीला अडकवून घरात शिरता येत नाही. नवरा होता तोवर हसून म्हणायचा, "हिला देव भेटला ना, तर ही आधी त्याचं ओळखपत्र मागेल." पुढे नवरा गेला, नोकरी संपली, आणि एक दिवस लेकीचा फोन आला. तिची रजा संपत आली होती. नातीला सांभाळायला येशील का, म्हणाली. बाईंनी सामान बांधलं, दाराला कुलूप घातलं, ते चार वेळा ओढून पाहिलं आणि निघाल्या.

लेक चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायच्या यंत्रावर कामाला होती. जावई कुलपं दुरुस्त करायचा, किल्ल्या बनवून द्यायचा. घर वर, दुकान खाली. मधे एक अंधारा जिना. जावई बोलायला मऊ, पण बोलताना हात कायम खिशात. बाईंना पहिल्या दिवसापासून ते खटकलं. ज्या माणसाला कुठलंही कुलूप उघडता येतं, तो हात का लपवतो? लेकीला त्यांनी विचारलंही. ती म्हणाली, "आई, आल्या आल्या सुरू करू नकोस."

नात दहा महिन्यांची. एका जागी ठरायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. पण ती ठरत नव्हती त्याचं कारण खेळकरपणा एवढंच नव्हतं, हे बाईंना उचलून घेतल्याबरोबर कळलं. पोरीचे गाल खडबडीत, लाल. कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्याच्या मागे कातडी जाड होऊन तिच्यावर बारीक रेघा उमटलेल्या. कडेवर घेतलं की ती आपला गाल आजीच्या खांद्यावर घासायची. बाकीच्यांना तो लाड वाटायचा. बाईंच्या लक्षात आलं, पोर खाजवते आहे.

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"दाखवायचंच आहे. उद्याची वेळ घेतली आहे."

बाईही बरोबर गेल्या. डॉक्टरीण तरुण होती, म्हणजे बाईंच्या मते संशयाला आणखी जागा. तिनं भिंगरीला सावकाश सगळीकडून पाहिलं आणि म्हणाली, हा एक्झिमा आहे. हा कुणाकडून लागत नाही, कुणाला देता येत नाही. काही मुलांच्या कातडीत ओल टिकत नाही, मग ती कोरडी पडते, खाज सुटते, खाजवलं की लाल होते, आणि लाल झाली की आणखी खाज सुटते. मुळापासून कायमचं घालवायचं औषध नाही, पण नीट सांभाळलं तर आवाक्यात राहतं. बहुतेक मुलांचं मोठेपणी पुष्कळ कमीही होतं.

तिनं दोन गोष्टी दिल्या. एक भलामोठा डबा, ओलावा धरून ठेवणाऱ्या जाडसर मलमाचा. तो दिवसातून अनेकदा, हात सैल सोडून लावायचा, आणि अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच. दुसरी लहानशी ट्यूब, फक्त लाल चट्ट्यांवर, सांगितलेल्या दिवसांपुरती.

जिन्यावरून डबा वर नेताना बाई म्हणाल्या, "एवढं मलम? पोरीला लावायचंय की भिंत रंगवायची आहे? त्या डॉक्टरणीचं आणि औषधवाल्याचं नक्की साटंलोटं असणार."

जावयानं नेहमीसारखं हसून सोडून दिलं नाही. तो दुकानाच्या दारातच ट्यूबच्या खोक्यातला घडी घातलेला कागद उलगडून उजेडाला धरून वाचत होता. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला.

"यात स्टिरॉइड आहे," तो म्हणाला. "कातडी पातळ होते म्हणे."

"डॉक्टरांनी सांगितलं ना, थोडेच दिवस लावायचं आहे म्हणून," लेक म्हणाली.

"हं," जावई म्हणाला आणि कागदाची घडी पुन्हा होती तशी घातली. त्या 'हं'मध्ये होकार नव्हता. बाईंच्या कानांनी ते तेवढ्यात टिपून ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून लेक कामावर जाऊ लागली. संध्याकाळची अंघोळ आणि औषध मी बघतो, असं जावयानं आपणहून सांगितलं. लेकीला कोण कौतुक. बाईंना मात्र नवल वाटलं, की दुकान ऐन गर्दीच्या वेळी बंद करून हा माणूस वर कसा येतो.

दिवसभर भिंगरी बाईंच्या ताब्यात. आता त्यांनी चोराचा शोध सुरू केला. पोरीच्या अंगावर कुणीतरी चट्टे उठवतं आहे, तेव्हा ते कुणीतरी सापडलंच पाहिजे, असा सरळ हिशोब. आधी शेजारणीच्या मांजरावर आळ आला. मग लोकरीच्या पांघरुणावर. तो आळ खरा निघाला, पांघरूण काढल्यावर मानेवरची खाज जरा कमी झाली. त्यामुळे बाईंना चेव आला. मग अंड्यावर, दुधावर, लेकीच्या कपड्यांवर बसणाऱ्या काचेच्या भुकटीवर. एकदा त्यांनी पोरीचं अंडं परस्पर बंद केलं. लेकीला कळल्यावर ती चिडली, "डॉक्टरांना न विचारता खाणं तोडायचं नाही, आई. वाढतं पोर आहे."

कपडे धुणं हा तर बाईंचा प्रांत. हॉटेलातल्या चादरींना जो वास यायचा तो त्यांना अजून प्रिय होता. भिंगरीची झबली, दुपटी, पलंगपोस, सगळं त्या कढत पाण्यातून काढत आणि शेवटच्या पाण्यात सुगंधी कंडिशनर सढळ हातानं ओतत. कपाट उघडलं की घरभर फुलं उमलल्यासारखं वाटायचं. अंघोळही त्यांच्या मते चांगली कढत हवी, मळ सुटायला नको? दुपारी घाम आला की त्या जावयाच्या पाळीची वाट न बघता पोरीला एक कढत अंघोळ घालून, टॉवेलनं खसाखसा पुसून मोकळ्या होत.

भिंगरीच्या अंगावरचं वाढत चाललं. चट्टे पोटापर्यंत उतरले.

एका संध्याकाळी जावई झबलं नाकाशी धरून उभा होता. "आई, कपड्यांत काय घालता तुम्ही?"

"स्वच्छता घालते," बाई म्हणाल्या.

"वास फार उग्र आहे."

"हॉटेलात मोठमोठी माणसं या वासावर खूश असायची. तुमच्या हाताला तेलाचा नि लोखंडाचा वास येतो, त्याचं काय? त्याच हातांनी पोरीला अंघोळ घालता."

जावयाचे हात पुन्हा खिशात गेले. त्या दिवसापासून घरात दोघांचं बोलणं 'चहा झाला' आणि 'दार लावून घ्या' एवढ्यावर आलं. दोघंही एकमेकांवर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवत, आणि मधे बिचारी लेक. एकाची बाजू घ्यावी तर दुसऱ्याचं तोंड वाकडं.

आणि मग चमत्कार झाला.

दोन-तीन दिवसांत भिंगरीचे गाल सोललेल्या अंड्यासारखे झाले. कोपरं निवळली. पोर शांत झोपू लागली, जागेपणी हसू लागली. लेकीनं तिला छातीशी धरून आनंदानं डोळे पुसले. "बघितलंस ना आई, डॉक्टरांनी दिलेलं औषध लागू पडलं."

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. हॉटेलातला अनुभव असा, की जुना डाग एकाएकी दिसेनासा झाला तर तो निघालेला नसतो, गादी उलटी केलेली असते. ज्या औषधानं इतके दिवस काही केलं नाही, त्यानं एकदम हे कसं केलं? त्यांनी दुपारी कपाटातली ट्यूब काढून पाहिली. झाकण फिरवलं. तोंडावरची पत्र्याची पातळ चकती जशीच्या तशी. कुणी टोचलेलीसुद्धा नव्हती. म्हणजे ट्यूब पहिल्या दिवसापासून उघडलेलीच नाही.

बाई तिथेच खुर्चीवर बसल्या. मग पोरीच्या अंगाला संध्याकाळी लावलं काय जातं?

आता सगळ्या गोष्टींचे धागे जुळू लागले. अंघोळीच्या वेळी दाराला आतून कडी. अंघोळ झाली की जावई लगेच खाली दुकानात जाऊन येतो. दुकानात एक खण आहे, त्याला त्यानं स्वतः बनवलेलं कुलूप. लेकीला सांगावं, तर ती म्हणणार, पोर बरी झाली आहे आणि तुला तेही बघवत नाही. शिवाय घर त्यांचं. आपण आज आहोत, उद्या नाही. पुराव्याशिवाय तोंड उघडायचं नाही हा हॉटेलातला नियम त्यांनी इथेही पाळायचा ठरवला. पुढे याच नियमाचा त्यांना पस्तावा झाला, पण तेव्हा तो शहाणपणाचा वाटला.

पुरावा आपल्या पायानं चालत आला. एका संध्याकाळी जावई भिंगरीला अंघोळ घालत असताना खालून एक बाई धापा टाकत ओरडली. घराचं दार ओढलं गेलं होतं, किल्ली आत, तान्हं पोरही आत, आणि गॅसवर भांडं. जावई भिंगरीला टॉवेलात गुंडाळून बाईंच्या हातात देऊन हत्यारांची पिशवी उचलून जिना उतरला. न्हाणीघराच्या फळीवर एक डबी राहिली.

पांढरी, प्लास्टिकची, मुठीत मावेल एवढी. वर नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. झाकणाला रबर लावलेलं. आत पांढरंशुभ्र मऊ मलम, बोटानं घेतल्याच्या खुणा असलेलं. बाईंनी हुंगून पाहिलं. वास काहीच नाही. वास नसलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास तसाही कमीच होता.

त्यांनी डबी आपल्या बॅगेत, मोज्यात गुंडाळून ठेवली.

जावई परत आला तो चेहऱ्यावर समाधान घेऊन. दार उघडलं होतं, पोर सुखरूप होतं. न्हाणीघरात गेला. बराच वेळ आत होता. बाहेर येऊन त्यानं कपाटाखाली बघितलं, कपड्यांच्या टोपलीत हात घातला. बाई भाजी निवडत होत्या. त्यांना वाटलं, आता विचारेल. विचारायचं तर आधी सांगावं लागणार होतं, म्हणून तो विचारेना. धरायचं तर आधी बोलावं लागणार होतं, म्हणून ह्याही बोलेनात. दोघंही चोरासारखे, आणि चोरीचा माल एकच.

असे काही दिवस गेले आणि भिंगरीचं दुखणं उलटलं. आधीसारखं नव्हे, आधीपेक्षा वाईट. गाल भाजल्यासारखे लालबुंद, हात लावला तर गरम. पोर किंचाळायची, नखांनी तोंड ओरबाडायची. एका सकाळी उजव्या गालातून पाणी झिरपत होतं आणि त्याच्यावर पिवळसर खपली धरली होती. अंगात कणकण. लेक कामावर जायला निघालेली, तशीच पर्स खांद्याला लावून मटकन बसली.

"आता हे काय झालं?" ती म्हणाली. "औषध तर चालूच आहे ना?"

जावई भिंतीकडे बघत होता. बाई उठल्या, बॅगेतली डबी आणली आणि टेबलावर ठेवली. शेजारी न उघडलेली ट्यूब ठेवली.

"हे विचार तुझ्या नवऱ्याला."

लेकीनं डबी बघितली, ट्यूब बघितली. मग नवऱ्याकडे न बघता आधी आईकडे बघितलं. "ही तुझ्याकडे कधीपासून आहे?"

बाईंना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "चार-पाच दिवस असतील."

"आणि तू बोलली नाहीस."

"म्हटलं, हे स्वतःहून काय करतात ते बघावं."

"माझ्या पोरीच्या अंगावर बघत होतीस?" लेक अगदी हळू म्हणाली. मग ती नवऱ्याकडे वळली. "काय आहे हे?"

जावयानं पहिल्यांदा हात खिशातून काढून टेबलावर ठेवले. बोटांच्या पेरांवर भेगा पडलेल्या, काही ओल्या, तळव्याची कातडी झाडाच्या सालीसारखी. बाईंनी ते हात उजेडात प्रथमच पाहिले.

"मला लहानपणापासून हेच आहे," तो म्हणाला. "कोपरं, गुडघे, सगळं. आता हातांवर राहिलंय. लोखंड, तेल, साबण, कशानंही चिघळतं. शाळेत माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही. हिला झालं तेव्हाच मला कळलं, हे माझ्याकडून आलं. ती ट्यूब वाचून तर धीरच सुटला. माझ्याकडून रोगही द्यायचा आणि वर स्टिरॉइडही चोपडायचं? दुकानात एक माणूस येतो, बिजागऱ्या-कड्या विकतो. त्यानं ही डबी दिली. सगळं झाडपाल्याचं, म्हणाला, केमिकलचा थेंब नाही. गुण आला. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही थांबवलं असतं."

"आणि तुम्हाला शंका नाही आली?" बाई म्हणाल्या. "साधं नावसुद्धा नाही डबीवर."

"ट्यूबवर सगळं लिहिलं होतं, म्हणून तिची भीती वाटली," तो म्हणाला. "हिच्यावर काही लिहिलंच नव्हतं. मग भिऊ कशाला?"

लेकीनं पर्समधून फोन काढून दुकानात कळवलं, आणि तिघंही तशीच डॉक्टरणीकडे गेली.

डॉक्टरणीनं आधी भिंगरीला बघितलं. गालावर जंतूंचा संसर्ग झाला आहे म्हणाली, त्याचं औषध लगेच सुरू केलं. मग डबी उघडून पाहिली आणि झाकण लावलं.

"डोळ्यांनी बघून मला खात्रीनं सांगता येणार नाही," ती म्हणाली. "पण दोन दिवसांत सगळं स्वच्छ होणं आणि बंद केल्यावर असं उसळणं, हे मी पूर्वीही पाहिलं आहे. ही मी तपासायला पाठवते."

अहवाल यायला वेळ लागला. आला तेव्हा लेकीनं तो स्वतः वाचला आणि नवऱ्यापुढे धरला. त्या पांढऱ्या मलमात स्टिरॉइडच होतं. आणि ट्यूबमधल्यासारखं सौम्य नव्हे, तर लहान मुलाच्या चेहऱ्याला कुणी डॉक्टर लावू देणार नाही इतकं जबर. ज्याला भिऊन जावई पळाला, त्याच्याच मोठ्या भावाच्या घरात जाऊन बसला होता.

जावई अहवाल हातात घेऊन डॉक्टरणीसमोर बसला होता. तिनं त्याला बोल लावला नाही. म्हणाली, "तुमची भीती खोटी नव्हती. हे औषध नको तितकं, नको तिथे, नको तितके दिवस लावलं तर त्रास देतं. म्हणून तर ते मोजून द्यायचं असतं. डबीत किती आहे हे तुम्हालाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही." मग तिनं तिघांकडे बघून विचारलं, "घरात आणखी काय काय वापरता? साबण, पावडर, कपड्यांना काही?"

जावयाला बोलायची आयती संधी होती. तो गुडघ्यावरच्या भेगाळलेल्या बोटांकडे बघत बसला. मग बाईच म्हणाल्या, "कपड्यांना वास येतो तो माझ्यामुळे. कंडिशनर घालते. अंघोळीचं पाणीही कढत असतं दुपारचं."

"दुपारचं?" लेक म्हणाली.

"घाम येतो पोरीला."

डॉक्टरणीनं तेही शांतपणे ऐकून घेतलं. वास नसलेला साबण, कोमट पाणी, झटपट अंघोळ, पुसायचं नाही तर टिपायचं, आणि लगेच मलम. कपडे सुती, सैल. नखं कापलेली. खोली थंड. एकच एक चोर शोधायला जाऊ नका, म्हणाली. हे कधी हवेनं वाढतं, कधी घामानं, कधी सर्दीपडशानं, आणि कधी कशानंच नाही. आईबापांकडून येतं म्हणाल तर केस आणि नाकही त्यांच्याकडूनच येतं. जाता जाता तिनं जावयाचे हात पुढे करायला सांगितले आणि त्यालाही औषध लिहून दिलं. त्याच्या हातांना औषध असतं, हे त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं, किंवा त्यानं कुणाला हात दाखवलेच नव्हते.

पुढचे आठवडे कठीण गेले. डॉक्टरणीनं आधीच बजावलं होतं, लगेच बरं वाटणार नाही, धीर धरा. भिंगरी चिडचिडी झाली होती. झोपताना हातांत सुती पिशव्या घालाव्या लागत. त्या ती दातांनी ओढून काढी. तिघांनी पाळ्या लावल्या. अंघोळीच्या वेळी आता दाराला कडी नसे, कारण न्हाणीघरात दोघं उभे असत. जावई पाण्यात कोपर बुडवून बघायचा, कोमट आहे म्हणायचा. बाई त्याचा विश्वास न धरता आपलं कोपर बुडवून बघत. तो मलम थापायचा, त्या मागून म्हणत, "कानामागे राहिलं." त्या टॉवेल उचलत, तो म्हणायचा, "आई, टिपायचंय." लेक बाहेरून ऐकायची. एकदा तिला हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.

बाईंचं कंडिशनर गेलं. रिकामी बाटली फेकताना त्यांना हॉटेल दुसऱ्यांदा सुटल्यासारखं वाटलं. लेकीच्या त्या वाक्याचं टोक मात्र मनातून जाईना: माझ्या पोरीच्या अंगावर बघत होतीस? एका दुपारी भाजी निवडता निवडता त्या एवढंच म्हणाल्या, "त्या दिवशी लगेच सांगायला हवं होतं मी." लेक म्हणाली, "हो, हवं होतं." आणि बाईंच्या पुढ्यातल्या शेंगांतल्या मूठभर उचलून सोलायला बसली.

बिजागऱ्यावाला पुन्हा आलाच. जावयानं त्याला दुकानात बसवून ठेवून वरून बाईंना बोलावलं. हाक ऐकून बाई थक्क झाल्या. जावयानं त्यांना दुकानात बोलावण्याची ही पहिलीच खेप.

"आणखी डब्या आहेत का?" बाईंनी गोड आवाजात विचारलं. पाहुण्यांकडून हरवलेले टॉवेल काढून घेताना त्या हाच आवाज लावत असत.

"आहेत की, मावशी. झाडपाल्याचं, शुद्ध."

"कोणत्या झाडाचं?"

तो जरा थांबला. "डोंगरातलं असतं एक."

"त्याला नाव असेल ना?"

"आमच्यात नाव सांगत नाहीत."

"बनवतं कोण?"

"माझी चुलती." मग जरा विचार करून, "म्हणजे तिचा भाऊ."

जावई दाराला पाठ लावून उभा होता. त्यानं तपासणीचा कागद पुढे केला. बिजागऱ्यावाल्यानं तो वाचला असेल-नसेल. पिशवी उचलली आणि बाहेर गाडी चुकीच्या जागी लावली आहे म्हणून जो गेला, तो पुन्हा त्या गल्लीत दिसला नाही. त्याचं वर्णन आणि डबी डॉक्टरणीनं सांगितलेल्या औषध तपासणीच्या कचेरीत जावई स्वतः देऊन आला. पुढे त्याचं काय झालं ते कुणाला कळलं नाही. बाईंच्या मते तो दुसऱ्या एखाद्या गल्लीत दुसऱ्या एखाद्या घाबरलेल्या बापाला गाठत असणार. जिन्यात कुणाच्याही कडेवर लाल गालांचं पोर दिसलं की बाई अडवून विचारत, "काय लावता? डबीवर नाव आहे का?" लोकांना ते आवडायचं नाही. पण एकदोघींनी डब्या आणून दाखवल्यासुद्धा.

भिंगरीचे गाल निवळले, पण एका रात्रीत नाही. हळूहळू, मागेपुढे होत. कोपरं अजून हिवाळ्यात खरखरीत होतात. चट्टा उठला की लेक ट्यूब काढते, सांगितलेले दिवस लावते, थांबवते. जावयाचे हातही बरेच सुधारले. आता तो चहाचा कप खिशाबाहेरच्या हातानं घेतो, आणि काम करताना आत सुती आणि वर रबरी मोजे घालतो. गिऱ्हाइकं हसतात. किल्ली बनवतोस की शस्त्रक्रिया करतोस, म्हणतात.

भिंगरी तीन वर्षांची झाल्यावर तिला बालवाडीत घातलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती तळहात लाल करून आली. बाईंनी हात हुंगला. फुलांचा वास.

"साबण," त्या म्हणाल्या.

"साबणच," जावई म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप घालून तो त्यांच्याबरोबर निघाला. बालवाडीच्या बाईंना असे पालक नवे नसावेत, पण एका बाजूनं सासू आणि दुसऱ्या बाजूनं जावई अशी जोडी त्यांना नवी होती. सासू हात धुवायच्या बेसिनजवळची बाटली उलटी करून मागचं बारीक अक्षर डोळ्यांपासून लांब धरून वाचत होत्या. दिसेना, तेव्हा त्यांनी बाटली जावयाकडे दिली. तो मोठ्यानं वाचू लागला.

"इतर मुलांना काही होत नाही हो," बालवाडीच्या बाई म्हणाल्या.

"इतरांचं आम्ही बोलत नाही," दुर्बीणबाई म्हणाल्या. "पण बाटली उघडी दिसते. वरून पाणी कोण घालतं?"

बालवाडीच्या बाईंचा चेहरा जरा बदलला. जावयानं तो बदल पाहिला, सासूनंही पाहिला.

शेवटी असं ठरलं, की भिंगरीचा साबण घरून यायचा, तिच्या खुंटीला लावलेल्या पिशवीत राहायचा, आणि हात धुतल्यावर मलमही तिथेच लावायचं. बालवाडीच्या बाईंनी कबूल केलं. दोघं घराकडे चालू लागले.

"लावतील का हो खरंच?" जावयानं विचारलं.

"मला नाही वाटत," बाई म्हणाल्या. "उद्या मधल्या सुट्टीत जाऊन बघते."

"मीही येतो," तो म्हणाला, आणि त्यांच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली.